नेव्हर अगेन

...आणि वर साहेब 'थँक यू' म्हणून गेले! अहो, कशाचं थँक यू? मी नाही म्हणत होते! तुम्हाला सांगते, हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात माझा जन्म गेला, पण असा मॅनेजर बघितला नाही. माणूस वाईट नाही हं, शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, फक्त चालता चालता बोलतो आणि समोरच्याचे पहिले दोनच शब्द ऐकतो. दोनच! तिसऱ्या शब्दाला हा लिफ्टमध्ये. त्यात सगळा कारभार इंग्रजीत. मी बिचारी घोकून गेले, 'आय विल नॉट कम ऑन संडे.' ह्यानं ऐकलं 'आय विल'. झालं! रविवार माझ्या गळ्यात. पुढच्या वेळी अदबीनं सुरुवात केली, 'सर, संडे...' तर हा खूश, बाई स्वतःहून मागतेय! बाकीच्या घरी लोळतायत, मी वाफेत उकडतेय, का? तर साहेब दोनच शब्द ऐकतात.

आता आमच्या लेकीची पोहण्याची फायनल. शर्यती मेल्या सगळ्या रविवारीच, आणि मी एकही बघितलेली नाही. या वेळी तर तिनं विचारलंसुद्धा नाही. मीच म्हटलं, येते गं मी. तर टॉवेल पिशवीत कोंबत म्हणाली, "राहू दे आई. मी आता प्रेक्षकांत बघतच नाही." चिडून म्हणाली असती तर परवडलं असतं हो...

तशीच उठले नि गाठलं आमच्या इंग्रजीच्या क्लासच्या बाईंना. म्हटलं, बाई, तुमचं ते 'नॉट' फार मागे बसतं, त्याला पहिल्या बाकावर आणा. साहेब दोनच शब्द ऐकतात! बाई म्हणाल्या, आणता येतं की, नकार आधी ठेवायचा, मग 'आय विल'चं 'विल आय' करायचं. म्हटलं, असं उलटंपालटं चालतं? म्हणाल्या, चालतं कसलं, राणीनं फर्मान काढल्यासारखं वाटतं. म्हटलं, द्या, मला तेच हवंय.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तरातरा. मी चादरींची ट्रॉली सोडली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "नेव्हर अगेन विल आय वर्क ऑन संडे!"

थांबले. अहो, थांबले! मागे लिफ्ट उघडली, बंद झाली, साहेब जागचे हलेनात. अख्खं वाक्य ऐकलं, शेवटच्या शब्दापर्यंत! आणि वर मलाच विचारतात, मग हे आधी का नाही सांगितलं? घ्या! धुलाईयंत्रांपाशी बायका टाळ्या पिटतायत, मी ताठ मानेनं ट्रॉली ढकलत निघाले... काय सांगू, जमिनीला पाय लागत नव्हते.

रविवारी तलावावर इतकी ओरडले की घसा बसला. लेक चौथी आली. पण पाण्यातून डोकं वर काढल्यावर तिनं आधी प्रेक्षकांत बघितलं, मला शोधलं आणि हसली. पदक गेलं खड्ड्यात, मी जिंकले!

त्याच तोऱ्यात घरी आले. तर नवरा शर्टांचा ढीग घेऊन उभा, म्हणे आता रविवारी तू घरीच असतेस, तर एवढ्यांना इस्त्री... मी पुन्हा पदर खोचला, पुन्हा तोच खणखणीत आवाज लावला, म्हटलं, "हे बघा, मी या शर्टांना इस्त्री करणार..." आणि 'नाही' म्हणेपर्यंत तो 'बरं बरं' करत अंघोळीला गेला! आपल्या मराठीत नकार शेवटी येतो हो, आणि आमच्या घरात शेवटपर्यंत थांबतो कोण... चला, इस्त्री तापली असेल.