हात बांधलेला शेला

(सौंदड, १९४२. धुरपताबाई दारात आडव्या उभ्या. अंगणात युद्धामुळे ब्रह्मदेशातून पायी परतलेला त्यांचा मुलगा हिरालाल आणि त्याची तिकडची बायको मा थिन. तिच्या पाठीला तान्ही मुलगी बांधलेली.)

धुरपताबाई : तू ये आत. ती नाही. ना अंतरपाट, ना अक्षता. बायको कशी म्हणू?

हिरालाल : लग्न लागलं माय. मंडालेत, चार लोकांसमोर.

धुरपताबाई : लावलं कोणं?

हिरालाल : एका म्हाताऱ्यानं. तिकडं भिक्षू लग्न लावत नाही, त्याईले फक्त जेवू घालतेत.

धुरपताबाई : म्हातारे तर आपल्या पारावरबी बसून राहतेत!

हिरालाल : ऐक तर. माह्या तळहातावर हिचा तळहात ठेवला. पांढऱ्या रेशमी शेल्यानं बांधले अन् चांदीच्या गंजातल्या पाण्यात बुडवले. मंग शंख वाजला.

धुरपताबाई : पाण्यात? साक्षीले अग्नी नाही?

हिरालाल : मीबी तेच इचारलं. म्हातारा म्हणे, पाण्यावर कोयता मार. दोन तुकडे होतेत का पाहा.

धुरपताबाई : ...नाही होत.

हिरालाल : तसंच हे, म्हणे.

धुरपताबाई : गोड बोलून राहिला. पण हिचा गळा उघडा, हात उघडे. मी गावाले काय दाखवू?

मा थिन : सोना रास्ते में गया, माँ. चावल के लिए.

हिरालाल : दीड महिना जंगल तुडवलं, नदी पार केली. बांगड्या दिल्या, कानातले दिले. शेला तेवढा दिला नाही हिनं.

धुरपताबाई : कुठं हाये तो?

हिरालाल : पोरगी त्याच्यातच तर बांधली हाये.

धुरपताबाई : इकडं पाठ कर वो पोरी, पाहू दे... हे रेशीम होतं?

मा थिन : सफेद था. अब मिट्टी.

धुरपताबाई : नदीतबी असंच आणलं लेकराले?

मा थिन : पानी गले तक था. बच्ची सर पर. हम बहुत डरते थे. गाँठ को बार-बार हाथ लगाते थे.

धुरपताबाई : सुटली नाही?

मा थिन : नहीं छूटी.

धुरपताबाई : दीड महिना... बाप्पा! आमच्या लग्नातली गाठ तर घरी आल्याबरोबर सोडून ठेवली होती.

हिरालाल : माय, दार सोड. पोरगी तापली हाये.

धुरपताबाई : नातीले घेऊन तू आत जा. चुलीवर पेज हाये, पाज तिले. अन् ती पितळी परात पाणी भरून दे इकडं.

हिरालाल : हिचे पाय धुवाले?

धुरपताबाई : पाय मागून. पोरी, शेला आण तो, अन् तुहा हात दे. माहा हात अजून कोरडाच हाये.