मोठ्या बाईंची राहिलेली सही

माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांचा निरोप आहे त्या मोठ्या बाई, आणि घड्याळं जोडणाऱ्या माझ्या सगळ्या पोरींनो, मी इथली झाडूवाली आजी. दोन शब्द बोला म्हणालात. मी दुसरीपर्यंतच शिकले, मोजणी कच्ची आहे, सांभाळून घ्या.

मोठ्या बाई जाणार म्हणून मला फार आनंद झालाय. खोटं कशाला बोलू? सकाळी आरशासमोर दोनदा उभी राहिले.

बाईंची शिस्त तुम्हाला ठाऊक. कामाला बसण्याआधी मुलींनी हात सरळ पुढे धरायचे, बाई बोटांवर पातळ कागद ठेवणार. कागद हलला की बारीक स्प्रिंगचं काम बंद, जा खोकी चिकटवायला. माझ्या नातीचा हात इथे सगळ्यात स्थिर. एके दिवशी तिचा कागद थरथरला. दुसऱ्या दिवशीही. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आजी, नातीचं लग्न उरका. कुणाच्या तरी नावानं हात कापतोय." तुम्ही हसलात की नाही गं? मीही हसले, आता लपवून काय करू.

पोर ताटभर जेवायची आणि वाळत चालली होती. आम्ही गारठलेलो, आणि हिला उकडायचं, खिडकी उघडायची. छाती धडधडते म्हणाली, तर बाई म्हणाल्या, "कामचुकारांची धडधडतेच." मग एकदा जिन्यातच खाली बसली, ओठ पांढरे.

दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी काय केलं असेल? हात पुढे धरायला लावले आणि बोटांवर कागद ठेवला. अहो, अगदी तसाच. मग मान चाचपली, नाडी धरली, रक्त तपासलं. म्हणाल्या, "आजी, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी नको तितका रस सोडतेय. तो रक्तातून सगळीकडे पोचतो. हृदय बसल्या जागी पळतं, मध्येच ताल सोडतं. नसाही सारख्या ताणलेल्या, म्हणून हात कापतो, झोप उडते, चिडचिड होते. पोरीचा यात काडीचा दोष नाही."

गोळ्यांनी ताल जागेवर आला, कागदही हलत नाही. तरी नात खोकीच चिकटवतेय. का? तिच्या नोंदीत बाईंचा शेरा आहे: 'मन थाऱ्यावर नाही. नाजूक कामास कायमची अपात्र.' मी तीनदा विनवलं. "मी लिहिलेलं खोडत नाही," असं बाईंचं उत्तर. साहेब म्हणतात, ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचा नियम. बाई उद्यापासून घरी. मग पोरीनं जन्मभर डिंकात बोटं घालायची?

बाई, इतकी वर्षं कागद ठेवलात, पण एकीला तरी विचारलंत का, बाळा, तुला होतंय काय?

शेऱ्याचं पान कारकुनाकडून मागून आणलंय, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत टाचलीय. हे पेन. माझ्याकडे नका बघू, पानाकडे बघा.

ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर त्याची माफीही मागणार आहे, पण बाईंची सही झाल्यावर. तोवर मी इथेच माईकपाशी उभी आहे.