मोर छाप सळया

गोबिंदगढच्या वजनकाट्यापाशी ट्रकांची रांग लागली होती. बलकार ड्रायव्हर चहा घेत बसला होता. शेजारच्या बाकावर मिलमालक निर्वैरसिंग आणि त्यांची नात जसनूर यांची जुंपली होती.

“दारजी, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशानं आपल्या मिलचा लेख परत पाठवला.”

“का? चाळीस वर्षं सळया बनवतोय, कमी पडली?”

“आपणच आपलं कौतुक केलेलं चालत नाही म्हणे. दुसऱ्या कुणी दखल घ्यायला हवी.”

“पेपरात फोटो आला होता की!”

“ती जाहिरात होती, दारजी.”

“गुरुद्वाऱ्यातल्या लंगरच्या छपराला आपलं लोखंड आहे, पाटी आहे तिथं.”

“पाटी तुम्हीच लावलीत.”

“मग लिही त्यांना, की या गावात तीन मिलवाले आमच्या मोराचा शिक्का चोरून स्वतःच्या सळयांवर मारतात. फालतू मालाचा शिक्का कोण चोरतं गं?”

“पुरावा मागतील ते.”

“मागू देत! आठवडाभर आपली मिल बंद आहे, एक सळई बाहेर पडलेली नाही. तरी या रांगेत मोर किती सापडतात, बघ जाऊन. चांगले फोटो काढ आणि पाठव!”

जसनूर मोबाइल घेऊन उठली.

बलकारनं अर्धा चहा तसाच ठेवला, लगबगीनं आपल्या ट्रकपाशी गेला आणि सळयांवरची ताडपत्री पार खालपर्यंत ओढून घेतली.