शालनबाई पाण्यात उतरल्या

(शनिवारची संध्याकाळ. अजमानमधल्या एका इमारतीखालचं पार्किंग. इंजिन सुरू ठेवून उभ्या गाडीत नवरा-बायको. नवऱ्याची आई शालनबाई आणि मुलगी ओवी लिफ्टकडे निघाल्या आहेत.)

मंजुषा: जाऊ दे त्या दोघींना वर. तू बस जरा. मला बोलायचंय.

कुशल: आईकडे किल्ली आहे का?

मंजुषा: आहे. आणि ओवी आहे की बरोबर. कुशल, सोमवारी तू टायपिंग सेंटरला जाणार आहेस ना, आईंचा तीन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा संपायच्या आधी त्यांच्या रेसिडन्सीचे फॉर्म भरायला? त्याच्या आधी आज ट्रिपमध्ये काय झालं ते ऐकून घे.

कुशल: काय झालं? बसमधून उतरलात तेव्हा तर सगळं ठीक दिसत होतं. पडली का आई?

मंजुषा: पडल्या नाहीत. पहिल्यापासून सांगते. फक्त सारखा फोन बघू नकोस.

कुशल: ऑफिसचा ग्रुप आहे. ठेवला. बोल.

मंजुषा: सकाळपासून आई स्वस्थ नव्हत्याच. खिडकीशी बसवलं तर कडेला बसते म्हणाल्या, कडेला बसवलं तर मागे जागा आहे का बघून आल्या. रास अल खैमाच्या म्युझियममध्ये लोक मोती बघताहेत, तलवारी बघताहेत, आणि या अंगणात येरझाऱ्या घालताहेत. घरात करतात ना, तसंच. बाल्कनीतून किचन, किचनमधून दार, दार उघडून पॅसेजमध्ये बघायचं, पुन्हा लावून घ्यायचं. मग मसाल्याचे डबे पुसायचे. काल पुसलेलेच.

कुशल: म्हणून तर डॉक्टरला दाखवलं. अँग्झायटी म्हणाले. बाबा गेल्यापासूनचं आहे ते, वेळ लागेल.

मंजुषा: मलाही तसंच वाटायचं. आमची गाइड होती तहसीन म्हणून. हैदराबादची, पण शारजात वाढलेली, पंचविशीची असेल. बसमध्ये माइकवर सांगत होती, की खत्तला डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत, पूर्वी सांधे धरलेली माणसं लांबलांबून उंटावर बसून यायची आणि तिथे मुक्काम ठोकून राहायची. तेवढं मात्र आईंनी कान देऊन ऐकलं. मला हळूच विचारलं, पाणी किती खोल असेल गं? मला वाटलं घाबरल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही नुसते पाय सोडून बसा, आपण गुडघ्यांसाठीच चाललोय.

कुशल: तू आईला धीर दिलास? पाण्याचा?

मंजुषा: हसू नकोस. सांगलीला पोहायला शिकवायच्या एवढं ऐकून होते मी. लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी पाण्यात बघितलं होतं का त्यांना? इथे खाली एवढा पूल आहे, एकदा तरी उतरल्या?

कुशल: इथे पुरुष असतात सगळे. ती नाही उतरणार.

मंजुषा: खत्तला बायकांचं वेगळं आहे, भिंतीआड. कपडे बदलून आई बाहेर आल्या आणि मी बघतच राहिले. अंगात पोहण्याचा ड्रेस. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत, रंग पार विटलेला. कुठून आणला म्हटलं, तर म्हणाल्या, बॅगेत होता.

कुशल: नेव्ही ब्लू? खांद्यावर पांढरी पट्टी?

मंजुषा: तोच. म्हणजे सांगलीहून निघतानाच घातला होता बॅगेत. दोन महिने तळाशी पडून होता आणि मला पत्ता नाही. मागचा हॉर्न देतोय, जरा पुढे घे.

कुशल: जाईल तो बाजूने. मग?

मंजुषा: मग काय. पायऱ्या उतरल्या, पाणी तोंडावर मारलं, आणि पाठीवर पडून राहिल्या. हातपाय सोडून. मला काही क्षण कळेना की ह्या आपल्याच आई आहेत. सकाळपासून एका जागी न टिकलेली बाई, आणि आता बोटही हलत नव्हतं. डोळे मिटलेले. ओवी काठावर उभी राहून ओरडली, मम्मा, आजी इज फ्लोटिंग. तशी डोळे न उघडता म्हणाल्या, ये, तुलाही शिकवते.

कुशल: ओवी गेली? ती तर आर्मबँडशिवाय पाय घालत नाही.

मंजुषा: गेली. आणि पाचव्या मिनिटाला तरंगत होती. आईंनी मानेखाली एक हात ठेवला होता, तो कधी काढून घेतला ते तिलाही कळलं नाही. आता खरी गंमत ऐक. तहसीन काठावर खुर्ची घेऊन बसली होती. आईंनी विचारलं, तू नहीं आती? तर म्हणाली, आंटी, दर आठवड्याला बस घेऊन येते, पण मला पाण्याची भीती वाटते, कधी उतरलेच नाही. आईंचा आवाजच बदलला कुशल. मी तो आवाज घरात कधी ऐकलेला नाही. मोठा नाही, पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणाल्या, चप्पल काढ. कपडे मागून आण. चल.

कुशल: तो आवाज मला माहितीये. मी सहा वर्षांचा होतो. मला वाटायचं, पाण्यापेक्षा आईचीच भीती जास्त आहे.

मंजुषा: ती पोरगी काउंटरवरून कपडे मागून खरंच उतरली. आधी आईंचा दंड असा धरला होता की आत्ता तिथे निळं पडलंय, बघ पाहिजे तर. आई तिला काय काय सांगत होत्या, निम्मं मराठीत, निम्मं त्यांच्या हिंदीत. पाणी को लात मत मारो, पाणी अपना दुश्मन नहीं. वेळ संपली तरी आमच्यातलं कोणी हललं नाही. बसचा ड्रायव्हर बाहेरून निरोप पाठवतोय, यल्ला यल्ला, आणि सगळ्यांना बाहेर काढायचं जिचं काम, तीच पाठीवर तरंगत आढ्याकडे बघून रडतेय. आनंदाने हं. आई म्हणाल्या, रो मत, नाक में जाएगा.

कुशल: बरं झालं मग. चांगलाच दिवस गेला तिचा. यात ऐकून घेण्यासारखं काय होतं? वर जाऊया का?

मंजुषा: झालं नाही अजून. बाहेर येताना त्यांना चक्कर आली.

कुशल: चक्कर आली? आणि हे तू आत्ता सांगतेस?

मंजुषा: तहसीनने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. गरम पाण्यात इतका वेळ राहायचं नसतं, त्या बराच वेळ राहिल्या होत्या. बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाच-दहा मिनिटांत ठीक झाल्या.

कुशल: बघ. मी काय म्हणतो मग? हीच चक्कर सांगलीच्या बाथरूममध्ये आली होती. सकाळी पडली आणि दुपारी दूधवाल्याच्या बायकोला शंका आली तेव्हा कळलं. तोवर ओल्या फरशीवर एकटी पडून होती. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, मंजू. फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गेली. ते तुला माहितीये, तू बघितलंयस मला त्या दिवशी.

मंजुषा: बघितलंय. म्हणूनच तर बसमध्ये ठरवत होते, सांगावं की नाही. चक्कर लपवायची असती तर लपवली असती. मला सगळंच सांगायचंय. बाकावर त्यांच्या शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. यम्ना नाव. तिथलीच, अरब. पण हिंदी आपल्यापेक्षा बरी. तिचे मिस्टर पूर्वी लाँचवरून मुंबईला खजूर नेत, त्यांच्याबरोबर ही लग्नानंतर दोन-तीन वेळा जाऊन राहिलेली. आईंना खजूर दिले, टॉवेल दिला. मी मागे ओवीचे केस विंचरत होते. यम्नाने विचारलं, इथे किती दिवस आहेस? आई म्हणाल्या, मालूम नहीं, बेटा जाने.

कुशल: मग? बरोबरच आहे. मीच सगळं बघतोय ना.

मंजुषा: यम्ना सांगायला लागली, की माझ्या मुलाने अबुधाबीला मोठा व्हिला बांधला, मला खालची खोली दिली, नोकर दिला. मी एक वर्ष राहिले आणि इथे खत्तला परत आले, माझ्या बागेत. मुलगा पुष्कळ दिवस बोलत नव्हता. आता दर जुम्म्याला येतो. आईंनी विचारलं, तुमने उसको कैसे बोला? ती म्हणाली, मी बोलले नाही, भांडले. तेव्हा आई म्हणाल्या... थांब, त्यांच्याच शब्दांत सांगते. म्हणाल्या, मेरा बेटा बहुत अच्छा है. बुरा होता तो मैं भी झगड़ा करके चली जाती.

कुशल: एसी कमी करतो जरा.

मंजुषा: कुशल.

कुशल: ऐकतोय.

मंजुषा: आणखी एक म्हणाल्या. एप्रिलमध्ये तलावावर मुलींची बॅच सुरू होते, पण बेट्याने तिकडे फोन करून सांगून टाकलं, आता ह्या येणार नाहीत. तू केला होतास फोन?

कुशल: तलावाच्या देसाईसरांना. ती हॉस्पिटलमध्ये असताना. डॉक्टर म्हणाले होते, एकटीने राहायचं नाही. राहायचं नाही तर बॅच कुठून घेणार? त्यांना दुसरी कोणी बघायला वेळ मिळावा म्हणून सांगितलं.

मंजुषा: त्यांना विचारलं होतंस?

कुशल: सलाइन लावलेल्या माणसाला काय विचारायचं असतं?

मंजुषा: आणि नंतर?

कुशल: नंतर तीच म्हणाली, आता नको वाटतं पाण्यात. तुझ्यासमोर म्हणाली. आणि तू कोणाच्या बाजूने बोलतेयस? पुढच्या महिन्यात तुझी नोकरी सुरू होतेय. ओवी शाळेतून दोनला येते. आई गेली तर दार कोण उघडणार?

मंजुषा: तेच तर. खत्तपासून इथपर्यंत मी तेवढाच विचार करत होते. आई गेल्या तर सगळ्यात जास्त अडचण माझी आहे. तू तरी ऑफिसला जाशील. मी गप्प बसले असते तर सोमवारी तू गेला असतास, खलास, सगळं सोयीचं झालं असतं. पण मी त्यांना तरंगताना बघितलंय आता. उद्या परत ते डबे पुसताना कशी बघू?

कुशल: लिफ्टमधून कोण येतंय बघ. आईच आहे.

मंजुषा: ओवी कुठे मग?

आई: दार उघड रे. ओवी शेजारी काव्याकडे गेली, तरंगले ते सांगायला. ओल्या कपड्यांची पिशवी डिकीतच राहिली बघ, तीच न्यायला आले. तुम्ही इथं काय करताय एवढा वेळ? भांडताय का?

मंजुषा: नाही आई. बसा ना मागे. पाच मिनिटं.

आई: सांगितलंस वाटतं त्याला.

मंजुषा: हो. तुम्ही बाकावर बोललात ते. मी मागेच होते.

आई: माहीत होतं मला. कंगवा थांबला होता तुझा.

कुशल: आई, मी देसाईसरांना फोन केला, ते तुला कोणी सांगितलं?

आई: त्यांनीच. दवाखान्यात भेटायला आले होते. म्हणाले, मुलाचं काही चुकलं नाही.

कुशल: मग मला विचारायचंस ना. रागवायचंस.

आई: कशी रागवणार? रात्रभर तू माझ्या पायाशी स्टुलावर बसून होतास. विमानातून उतरून तसाच आला होतास, बूटसुद्धा काढले नव्हतेस. त्या पोराला म्हणू, का रे फोन केलास?

कुशल: म्हणून पाणी नको वाटतं म्हणालीस.

आई: म्हटलं झालं. नाही तर तुला वाईट वाटलं असतं.

कुशल: आज पुन्हा चक्कर आली तुला.

आई: आली. माझी चूक होती, वेळेवर बाहेर यायला हवं होतं. पोरींना नेहमी मीच ओरडते त्यावरून.

कुशल: तिथे पुन्हा पडलीस तर? मला इथून यायला किती वेळ लागतो माहितीये तुला? त्या दिवशी विमानात बसलो होतो आणि खाली उतरल्यावर काय ऐकायला मिळणार ते माहीत नव्हतं. मला ते परत नको आहे, आई.

आई: मलाही नको. फरशीवर पडले होते तेव्हा मला कोणाची आठवण येत होती असं तुला वाटतं? सांगलीला घराची वरची खोली रिकामी आहे. नर्सिंग कॉलेजच्या दोन मुली विचारत होत्या, तेव्हा मी नाही म्हटलं. आता हो म्हणेन. बाथरूमला धरायला दांडी लावून घेईन. रोज सकाळी उठले की तुला फोन करीन. एवढं माझ्या हातात आहे. त्याच्या पुढचं तुझ्याही हातात नाही रे.

कुशल: आणि देसाईसरांनी दुसरी कोणी ठेवली असेल तर?

आई: तर तिच्या हाताखाली उभी राहीन. पण मंजू, तुझ्या नोकरीचं काय? मला तीच एक काळजी आहे.

मंजुषा: ते मी बघते.

आई: बघते म्हणजे काय करणार?

मंजुषा: मला नाही माहीत अजून. काव्याच्या आईशी बोलेन. शाळेत थांबवून घेतात का विचारेन. होईल काहीतरी, इन्शाल्ला.

आई: नोकरी सोडायची नाही हं. तसं असेल तर मी इथंच राहते.

मंजुषा: नाही सोडत.

कुशल: सोमवारचं राहू दे मग. फोन करून सांगतो त्यांना, नको म्हणून.

आई: रागावलास?

कुशल: हो.

आई: मग रागाव. मी आहे अजून महिनाभर.