फळ्यावरचं साल

खुलताबादची गाडी लागायची होती. स्टँडवर तिची वाट बघत बसलेल्या भानुमतीच्या मागच्या बाकावर मामा-भाचे बसले होते. भाचा इथिओपियात इंग्रजीचा मास्तर होता आणि पहिली सुट्टी संपवून परत निघाला होता.

“करमतं का रे तिथं?”

“कसलं करमतंय, मामा. घड्याळसुद्धा निराळं. उजाडल्यापासून तास मोजतात. हेडमास्तर म्हणाले, दोनला या. मी जेवूनखाऊन दुपारी दोनला गेलो. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ.”

“अन् बहात्तर सालच्या पत्रावर पासष्ट लिहिलं होतंस. अक्का म्हणली, माझ्या पोराचं चित्त ठिकाणावर नाय.”

“त्यांचं सालच सात-आठ वर्षं मागं चालतं, अन् बदलतं सप्टेंबरात. रोज फळ्यावर लिहून हाताला सवय लागली.”

“मंग त्यांच्या हिशेबानं अक्का कधी गेली?”

“पासष्टच्या दिवाळीत.”

“पासष्टला तर धडधाकट होती की. तुला इथं पहिली नोकरी लागली म्हणून लासूरभर पेढे वाटत हिंडली.”

“व्हय.”

“शाळा भरायला अवकाश हाय म्हणतोस, तर ऱ्हा की अजून आठ दिवस.”

“नको मामा. आपलं पासष्ट कधीच गेलं, तिथलं अजून चालू हाय; संपायला पंधराच दिवस राहिलेत.”