म्हशीची वरात

सांगलीत डॉक्टरांच्या ओसरीवर कृष्णात नावाचा गडी सगळ्या रोग्यांना जेवायचं आवतण देत होता. दाढ धरून बसलेल्या बनुबाईनं त्याच्या बायकोला, अंबूबाईला विचारलं,

“एवढ्या हसऱ्या माणसाला रोग कसला गं?”

“ह्योच! झोप न्हाई. रेशनचं जोंधळं लोकास्नी वाटून टाकलं. काल म्हशीला हळद लावली, आज वरात काढू म्हणत्यात.”

बनुबाई दाढ विसरून हसली. “असा नवरा मला दे की!”

“न्या की, आक्का! पण पावसाळ्यात गप पडलं, भाकरीकडं बघंनात, म्हणून परत आणायचं न्हाई.”

“म्हंजे दोन्ही त्येच? मग बरं कुणाला करायचं?”

“दोघास्नीबी. हसत्यात तवाच आणलं. गप पडलं की उठत न्हाईत.”

आतून हाक आली. कृष्णात उडी मारून उठला.

“डाक्टर, मी मजेत हाय! आधी हिला बघा. किती दिस हिच्या डोळ्याला डोळा न्हाई.”