धोटा ज्याच्या हातात

धाकटा : ते सगळं खरं, वहिनी, पण सभा सुरू झाली की नाही तेवढं सांगा. झाली असेल तर मी गप्प बसतो.

वहिनी : सुरू कशी होईल? मागावर सूत फेकायचा तो आपला धोटा कुठाय?

रंगारी : माझ्या पिशवीत. मागच्या सभेनंतर चुकून घरी गेला. आमची ही म्हणाली, दाराला अडसर म्हणून बरा आहे, राहू दे.

वहिनी : आज तरी थट्टा नको हो. द्या इकडे. हं. आता धोटा माझ्या हातात. ज्याच्या हातात धोटा त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. विणकर मंडळाची सभा सुरू झाली. हजर तिघं. गैरहजर कुणी नाही.

रंगारी : गैरहजर राहायला आधी माणसं असावी लागतात.

वहिनी : रंगारीबुवा, धोटा माझ्याकडे आहे.

रंगारी : चुकलं.

वहिनी : तक्रार माझ्या दिरांवर आहे. म्हणजे मंडळाच्या चिटणीसांवर. तक्रार करणारी मी, अध्यक्ष. भाऊजी, तुम्हाला रीतसर कळवलं होतं का? घ्या धोटा आणि सांगा.

धाकटा : कळवलं होतं. कळवायचं काम चिटणीसाचं, आणि चिटणीस मीच. सकाळी दाढी करताना आरशात बघून सांगितलं, बाबा रे, आज तुझ्यावर सभा आहे, वेळेवर ये.

रंगारी : गाल कापलायस तो त्यातच वाटतं?

वहिनी : रंगारीबुवा!

रंगारी : बरं बरं. राहिलं.

वहिनी : आणा तो धोटा. हे कापड बघा. भाऊजींनी काल मंडळाच्या हातविणीच्या शिक्क्यासाठी आणून दिलं. काठात त्यांच्या खुणेचा लाल धागा आहे. रंगारीबुवा, डोळे मिटा आणि यावरून हात फिरवा.

रंगारी : मी रंगारी माणूस, मला रंग विचारा. विणीतलं मला काय कळतंय?

वहिनी : फिरवा तरी.

रंगारी : गुळगुळीत आहे. चांगलं आहे की.

वहिनी : या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत. इथेच तर संशय आला मला. माणूस मागावरून उठला, पाणी पिऊन आला, परत बसला, की पहिला ठोका जरा वेगळाच पडतो. तिथे रेघ उमटते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. आणि भाऊजी म्हणजे चहासाठी दहा वेळा उठणारा माणूस! त्यांचं कापड मी आंधळी झाले तरी ओळखीन. यात एक रेघ नाही. कुणी उठलंच नाही यावरून, कारण कुणी बसलंच नव्हतं. यंत्राचं कापड आहे हे. आणि लाल धागा मागून सुईने ओवलाय, तोही असा वेडावाकडा. माझ्या हातात शिक्का होता, शाई लावलेली होती. हात खालीच येईना. घ्या, भाऊजी. बोला.

धाकटा : काय बोलू? बाजारातून विकत आणलं. धागा ओवला. संपलं.

वहिनी : संपलं काय? रोज इकडे येताना तुमच्या घरावरून येते मी. माग वाजत असतो. दोन मिनिटं थांबून ऐकते. मग ते काय होतं?

धाकटा : धोटा माझ्याकडे आहे, वहिनी.

वहिनी : चुलीत गेला तो धोटा! सांगा मला.

धाकटा : रिकामा माग होता.

वहिनी : म्हणजे?

धाकटा : म्हणजे ताणाच नव्हता लावलेला. सूतच नाही मागावर. पाय मारायचा आणि डाव्या हाताने फणी ठोकायची, खट्‌ खट्‌. तुमची यायची वेळ झाली की बसायचो. तुम्ही थांबायच्या ते खिडकीतून दिसायचं. तुम्ही वळणावरून गेलात की मी उठायचो. कसला चहा आणि कसलं काय.

रंगारी : डाव्या हाताने का?

धाकटा : उजवा वर जात नाही, म्हणून. खांदा गेलाय. गेल्या थंडीतच गेला. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढाच. दाढी डाव्याने करतो, जेवतो डाव्याने. धागाही डाव्याने ओवला. वाकडा होणार नाहीतर काय?

वहिनी : अहो, मला एका शब्दाने तरी सांगायचं.

धाकटा : सांगून काय केलं असतंत? अध्यक्ष तुम्ही. ज्याचा हात चालायचा थांबला, त्याला मंडळातून काढायचं. हा नियम. तीन सभासद असतील तोवर ही खोली मंडळाची, दोन झाले की मालकाची. हाही नियमच. मालक त्या खिडकीतून आत डोकावून जातो, बघितलंय ना? त्याला इथे सामान भरायचंय. मग इथला हा तुमचा माग कुठे नेला असता? तुमच्या त्या खोलीत? खाट टाकली की दार अर्धंच उघडतं तिथे. म्हटलं, आधी विणून ठेवलेली संपली, आता चार-दोन कापडं विकत आणू, वहिनी आहेत तोवर ओढू. दादा गेल्यापासून तुमचं या मागाशिवाय आहे काय?

वहिनी : माझ्या नावावर घालू नका हे.

धाकटा : घालत नाही. विचारलंत म्हणून सांगितलं.

रंगारी : आता मला द्या तो धोटा.

धाकटा : घे.

रंगारी : मी फार वर्षं थांबलोय हा असा हातात यायला. वहिनी, तुम्ही तेव्हा मंडळात नव्हता. माझ्या थोरल्या भावाने हेच केलं होतं. हेच! यंत्राचं कापड, वर मंडळाचा शिक्का. त्याच्या घरात आजारपण होतं, विणायला बसणार कधी? पण ते कुणी विचारलं नाही. आणि आपल्याकडची रीत कशी, काढायचं तर सगळ्यांच्या एकमताने. ज्याला काढायचं त्याचाही हात वर पाहिजे. त्याने हात वर केला नसता तर कुणाच्या बापाची छाती नव्हती त्याला हात लावायची. पण हा बसला त्याच्यापुढे. हा, धाकटा. अख्खी दुपार. त्याला म्हणत होता, शिक्क्याला माया नसते, दादा. तुम्हीच सांगा, दादा, तुम्हाला पटतंय का. इतकं गोड बोलला, इतकं गोड बोलला, की माझ्या भावाने शेवटी स्वतःचा हात वर केला. त्याच रात्री गाव सोडलं. पुन्हा तोंड दाखवलं नाही. आली ती तो गेल्याची बातमी.

धाकटा : खरं आहे.

रंगारी : धोटा माझ्याकडे आहे! रोज तुझं सूत रंगवून दिलं, चहा प्यायलो तुझ्याबरोबर, आणि मनात एकच, एक दिवस तुझ्यावर येऊ दे. आला तो दिवस. आणि तू असा लुळा हात मांडीवर घेऊन बसलायस. मेल्या, मला रागवूसुद्धा देत नाहीस.

(रंगारी धोटा बाकावर ठेवतो.)

वहिनी : मी उचलते. ऐका माझं. कापड मी जाळून टाकते. कुणी बघितलं नाही, आपण तिघांनीच बघितलं. मी दोन्ही माग चालवीन. सकाळी तुमच्याकडे, दुपारी इथे. तुमच्या कापडाला तुमचा लाल धागा, माझ्याला माझा. रेघा काय, मी हव्या तितक्या पाडीन. मुद्दाम उठेन.

रंगारी : मला चालेल. देवाशप्पथ चालेल. मी काही ऐकलं नाही.

धाकटा : वहिनी, द्या तो.

वहिनी : नाही देत.

धाकटा : द्या. हं. वहिनी, तुमच्या विणीवर माझा धागा? मग माझ्यात आणि त्या बाजारातल्या यंत्रात फरक काय राहिला? आणि तुमचे डोळे आत्ताच संध्याकाळी धागा चुकतात, मला माहीत आहे. दोन माग! वर्षभरात तुम्ही पडाल. मग रंगारी एकटा काय करील, आम्हा दोघांचे धागे ओवत बसेल?

रंगारी : मला सुईही धरता येत नाही.

वहिनी : मग नियम बदलू. दोघांचं मंडळ म्हणू.

धाकटा : नियम बदलायला पाच सभासद लागतात.

वहिनी : हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?

धाकटा : तुमच्या सासऱ्यांनी. तेव्हा सभेला बसायला जागा पुरायची नाही, लोक दारात उभे राहायचे. पाचांच्याही खाली येऊ असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. चला. चिटणीस म्हणून मीच ठराव मांडतो. यंत्राचं कापड मंडळाचं म्हणून आणल्याबद्दल चिटणीसांना मंडळातून काढावं. हात वर करा.

वहिनी : भाऊजी, नका करू. तुम्ही हात वर केला नाही तर ठराव पडतो. फक्त बसून राहा. एवढंच करा माझ्यासाठी, मी पाया पडते तुमच्या.

धाकटा : बसून राहतो. मग उद्या काय करू? तुम्ही घरावरून जाल तेव्हा रिकामा माग वाजवू? आता तर तुम्हाला माहीत आहे. थांबाल ऐकायला?

वहिनी : असं नका हो बोलू.

धाकटा : याच्या भावाला मी हात वर करायला लावला. तो माझ्यापेक्षा मोठा होता, त्याने केला. मग मी कुठल्या तोंडाने खाली ठेवू? हा बघा, केला.

रंगारी : तो डावा आहे.

धाकटा : चालेल की.

रंगारी : नाही चालत. ज्या हाताने धोटा फेकतो तो हात वर करायचा. तूच माझ्या थोरल्याला सांगितलं होतंस. तो डावा करत होता, रडता रडता. तू म्हणालास, दादा, उजवा.

धाकटा : म्हणालो होतो. मग धर माझा. कोपराखाली धर. हळू, हळू! अरे, रंगाची वाटी उचलतोस तसा उचल.

रंगारी : इथपर्यंत?

धाकटा : अजून. खांद्याच्या वर गेला पाहिजे. आई गं.

रंगारी : राहू दे रे. खरंच राहू दे. माझ्या थोरल्याचा हिशेब सोडला तुला. माफ. जा.

धाकटा : तुझ्या हातात नाही ते. धरून ठेव. हं, माझं मत झालं. आता तुझा.

रंगारी : माझा उजवा तुझ्या कोपराखाली आहे.

धाकटा : म्हणजे वरच आहे की. झालं. दोन झाले. वहिनी.

वहिनी : मी नाही करणार. माझ्या एकटीच्या नाही म्हणण्याने अडतं ना? अडू दे. मी उठणार नाही या मागावरून. मालक आला तर त्याला म्हणावं, मागासकट उचल मला.

धाकटा : वहिनी, बरोबर आहे तुमचं. पण लवकर. दुखतंय.

वहिनी : मग खाली घ्या ना! रंगारीबुवा, सोडा त्यांचा हात.

रंगारी : तो सोडू देत नाहीये. डाव्याने माझं मनगट धरलंय.

वहिनी : भाऊजी, घाम फुटलाय तुम्हाला.

धाकटा : फुटू दे.

वहिनी : तोंड पांढरं पडलंय हो.

धाकटा : तुमचा होईपर्यंत खाली घेत नाही.

वहिनी : कुठल्या जन्मीचा दावा साधताय? केला! हा बघा, केला वर! घ्या आता खाली! रंगारीबुवा, सावकाश. असा आपटू नका. माझा पदर घ्या, गुंडाळी करा त्याच्याखाली. हं. आता बरं वाटतंय?

रंगारी : तुझ्या बाहीला माझा निळा लागला बघ सगळा. निघायचा नाही तो.

वहिनी : ठराव एकमताने मंजूर. सभासद उरले दोन. खोलीची किल्ली उद्या मालकाकडे द्यायची. माग सोडवायला सुतार बोलवावा लागेल, दारातून अख्खा जाणार नाही. आत आणला तेव्हाही आमच्या ह्यांनी सुटाच आणला होता. सभा संपली म्हणायला धोटा माझ्याकडे यायला हवा. भाऊजी, धोटा? अहो, बोला ना. गप्प का बसलात?

रंगारी : बोलणार कसा? धोटा त्याच्या मांडीवर आहे, पण तो सभासद नाही. आणि आपण सभासद आहोत, तर धोटा आपल्याकडे नाही.

वहिनी : ठेवा तो खाली, भाऊजी. आता कुणीही बोललं तरी चालतं.